लाओसच्या शाळेत परसबाग लावायची तर आधी बॉम्ब काढावे लागतात

शाळेत मुलांना दुपारचं जेवण द्यायचं तर काय काय लागतं? तांदूळ, डाळ, तेल, भाजी, पाणी, सरपण, कोठार, चूल आणि रांधणारी माणसं. आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळेची यादी इथे संपते. लाओसमधल्या सवन्नाखेत, सालावान, सेकोंग किंवा शियेंगखुआंग प्रांतात मात्र यादीत सगळ्यात वर आणखी एक काम लिहावं लागतं: जमीन तपासून घेणं. भाजीसाठी वाफे खणायचे, पाण्याच्या पाइपासाठी चर मारायचा, संडासासाठी खड्डा घ्यायचा, चुलीत जाळ करायचा. मातीत पडून राहिलेला बॉम्ब यातल्या कुठल्याही कामाने फुटू शकतो.

हे बॉम्ब १९६४ ते १९७३ या काळातले. शेजारच्या व्हिएतनाममधलं युद्ध चालू असताना उत्तर व्हिएतनामची रसद लाओसच्या जंगलातून, म्हणजे हो चि मिन्ह मार्गाने, दक्षिणेकडे जायची. ती तोडायला आणि उत्तर लाओसमधल्या कम्युनिस्ट फौजांना मारायला अमेरिकेने ५ लाख ८० हजार उड्डाणं करून २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. हिशेब केला तर सलग नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांनी एक विमान रिकामं होत होतं. यात क्लस्टर बॉम्बमधून सुटलेले छोटे बॉम्ब २७ कोटींच्या घरात. त्यातले सुमारे ३० टक्के फुटलेच नाहीत असा अंदाज आहे, म्हणजे ८ कोटी. देशातल्या साधारण चौथा हिस्सा गावांच्या हद्दीत हा माल अजून आहे.

लाओ लोक या छोट्या बॉम्बला 'बॉम्बी' म्हणतात. नाव लाडाचं वाटतं, वस्तू तशी नाही. सर्वांत जास्त सापडणारा प्रकार म्हणजे बीएलयू-२६. टेनिसच्या चेंडूएवढा धातूचा गोळा, त्याच्या कवचात सुमारे ३०० पोलादी छर्रे, आत स्फोटक आणि मधोमध स्फोट घडवणारा फ्यूज. एका मोठ्या नळकांड्यात असे सहाशेहून अधिक गोळे भरलेले असत. नळकांडं हवेत उघडलं की गोळे सुटत, पृष्ठभागावरच्या उभ्या कडांमुळे वारा लागून गरगर फिरत आणि त्या फिरण्यानेच फ्यूजची कळ मोकळी होई. गोळा आपटला की स्फोट. पण कित्येक गोळे झाडांच्या शेंड्यांत अडकले, भाताच्या चिखलात रुतले किंवा पुरेसे फिरलेच नाहीत. अशा गोळ्याची कळ मोकळी झाली आहे, अर्धवट आहे की झालेलीच नाही, हे बाहेरून पाहून कुणालाही सांगता येत नाही. पन्नास वर्षं गप्प बसलेला गोळा कुदळीच्या एका घावाने, फेकल्याने किंवा तापल्याने उडू शकतो.

तापण्याचा मुद्दा चुलीसाठी महत्त्वाचा आहे. शेकोटी किंवा चूल पेटवल्यावर खाली पुरलेला बॉम्बी फुटून माणसं मेल्याच्या घटना लाओसमध्ये वारंवार झाल्या आहेत. रोज एकाच जागी दोन-तीन तास जाळ चालला की खालची माती तापत जाते. म्हणून शाळेचं स्वयंपाकघर बांधताना चुलीखालची आणि तिच्या आसपासची जमीन तपासलेली हवीच, आणि चूल शक्यतो जमिनीपासून उंच, विटांच्या किंवा सिमेंटच्या ओट्यावर घालायची. ओट्याचा कंबर वाचवायलाही उपयोग होतो, पण इथे पहिलं कारण वेगळं आहे.

बॉम्बी मुलांच्या हाती का लागतो, हेही समजून घ्यायला हवं. फ्रेंचांच्या काळापासून लाओसमध्ये पेताँक हा लोखंडी गोळ्यांचा खेळ घरोघरी खेळतात, आणि गंजलेला बॉम्बी त्या गोळ्यासारखाच दिसतो. मार्च २०१७ मध्ये शियेंगखुआंगमध्ये दहा वर्षांच्या एका मुलीने असाच गोळा खेळायचा समजून घरी आणला. ती गेली आणि सोबतचे बाराजण जखमी झाले. युद्ध संपल्यापासून २० हजारांहून अधिक लोक अशा स्फोटांत मेले किंवा जायबंदी झाले आहेत. २००८ मध्ये मेलेले आणि जखमी मिळून तीनशेच्या आसपास होते, आता आकडा शंभराच्या खाली आला आहे. ही घट आपोआप झालेली नाही. शाळेत शिकवलेले नियम आणि वर्षानुवर्षं इंच-इंच तपासलेली जमीन यांमुळे ती झाली.

जमीन तपासतात कशी

पहिलं काम यंत्राशिवायचं. सर्व्हेची माणसं गावात येतात, नाय बानला म्हणजे गावच्या प्रमुखाला, म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना आणि शिक्षकांना विचारतात: कुठे काय दिसलं, कुठे स्फोट झाला, बैल कुठे मेला, कुठली जमीन लोक नांगरत नाहीत. बायकांना वेगळं बसवून विचारणं फार गरजेचं असतं. पुरुषांना रस्ता आणि शेत ठाऊक असतं, पण रानातले कोंब, कंद आणि सरपण कुठून येतं हे बायकांना ठाऊक असतं. सभेत पुरुष बोलले की ती अर्धी माहिती राहून जाते.

मग तांत्रिक सर्व्हे. संशयित भागावर ५० मीटर बाय ५० मीटरचे चौकोन आखतात आणि प्रत्येकात ठरावीक वेळ धातू शोधणारा डिटेक्टर फिरवतात. बॉम्बी सापडला की तो चौकोन नकाशावर लाल. दुसरा दारूगोळा सापडला तर निळा. फक्त फुटलेल्या बॉम्बीचे तुकडे मिळाले तर पिवळा. काहीच नाही तर हिरवा. क्लस्टर बॉम्ब एका लांबट पट्ट्यात पडतात, त्यामुळे एक गोळा सापडला म्हणजे शेजारी आणखी असणार हे गृहीत धरून लाल चौकोनाभोवती पुढे सरकत राहतात. शेवटी 'खात्रीने धोकादायक' अशी सीमा ठरते. इथे एक गैरसमज फार होतो: हिरवा चौकोन म्हणजे साफ केलेली जमीन नव्हे. तिथे नमुना तपासणीत काही मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाफे खणायचे असतील तर गावाने ही दोन उत्तरं वेगवेगळी मागून घ्यावीत.

साफसफाई म्हणजे तिसरा टप्पा, आणि खरा कष्टाचा. जमिनीवर दोऱ्या लावून अरुंद पट्टे पाडतात. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी, ठरलेल्या खोलीवर पुरलेल्या नमुना तुकड्यावर प्रत्येक डिटेक्टर वाजतो की नाही ते बघतात. न वाजणारं यंत्र त्या दिवशी बाजूला. शेतजमिनीसाठी ही खोली सहसा २५ सेंटिमीटर धरतात, कारण बॉम्बी हलका असल्याने फार खोल जात नाही. पट्ट्यात डिटेक्टर वाजला की उभी-आडवी फिरवणी करून नेमका बिंदू ठरवतात, खूण ठेवतात आणि खूण सोडून बाजूला खड्डा घ्यायला लागतात. वरून खाली खणायचं नाही, बाजूने आडवं जायचं. लहान खुरप्याने माती थोडी थोडी सैल करत धातूची कड उघडी पडेपर्यंत. वरून घाव घातला तर तो थेट फ्यूजवर बसतो, बाजूने गेलं तर वस्तू आधी दिसते आणि मग हात थांबतो.

बहुतेक वेळा निघतो तो खिळा, पत्र्याचा तुकडा किंवा बॉम्बच्या कवचाची कपची. तरीही प्रत्येक आवाज खणावाच लागतो, कारण बॉम्बी आणि कपची यांच्या आवाजात भरवशाचा फरक नसतो. सालावान किंवा सेकोंगच्या लाल मातीत आणखी एक अडचण: कोकणातल्या जांभ्यासारखी लोहयुक्त माती स्वतःच यंत्राला वाजवते. अशा ठिकाणी मातीचा आवाज वजा करू शकणारं यंत्र लागतं. शाळेच्या भिंतीजवळ पत्र्याचं छप्पर, काटेरी तार, खिडक्यांचे गज यांमुळे डिटेक्टर गोंधळतो. नेमका तोच पट्टा मुलांच्या पायाखालचा असतो, म्हणून तिथे माती हाताने थराथराने खरवडून बघावी लागते.

बॉम्बी दिसला की उचलायचा नाही. जागेवरच, शक्यतो त्याच दिवशी, शेजारी छोटं स्फोटक ठेवून उडवतात. भोवती वाळूच्या गोण्या रचतात, काही शे मीटरच्या वर्तुळातली माणसं आणि गुरं हलवतात, प्रत्येक पायवाटेवर पहारेकरी उभा करतात, भोंग्यावरून गावाला सांगतात आणि मगच बटण दाबतात. शाळेजवळ हे काम वर्ग सुटल्यावर ठेवायचं. अडीचशे-साडेतीनशे किलोचा मोठा बॉम्ब निघाला तर गोष्ट वेगळी. तो वस्तीत उडवता येत नाही, त्याचा फ्यूज निकामी करून दूर न्यावा लागतो आणि त्यासाठी वेगळं पथक येतं. असे बॉम्ब कित्येक मीटर खोल असू शकतात. म्हणून संडासाचा खड्डा, विहीर किंवा इमारतीचा पाया असेल तर २५ सेंटिमीटरची तपासणी पुरत नाही. तिथे मोठ्या चौकटीचं डिटेक्टर वापरून खोलवरचं बघावं लागतं. तपासणीच्या अर्जात 'परसबाग' लिहिलं आणि नंतर तिथेच संडास बांधायला घेतला, तर कागद बरोबर असतो आणि जमीन धोक्याची.

हे काम १९९६ पासून सरकारी संस्था 'यूएक्सओ लाओ' (यूएक्सओ म्हणजे न फुटलेला दारूगोळा) करते. मॅग आणि हॅलो ट्रस्ट यांसारख्या परदेशी संस्थांची पथकंही आहेत, आणि त्यांतल्या कित्येक जणी स्थानिक बायका आहेत. पावसाळ्यात, साधारण मे ते ऑक्टोबर, शेतं पाण्याखाली आणि गवत माणसाएवढं, त्यामुळे काम मंदावतं. भाताची कापणी झाल्यापासून पुढच्या लावणीपर्यंतचे महिने कामाचे. शाळेने अर्ज करायचा तो हे धरून.

ताटाचा हिशेब

आता जेवणाकडे. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत लाओसमधलं पाच वर्षांखालचं दर तिसरं मूल वयाच्या मानाने खुजं निघालं. डोंगरातल्या गावांत शाळा दूर, दुपारची सुट्टी लांब. जेवायला घरी गेलेलं मूल दुपारच्या वर्गाला परत येत नाही. यामुळेच आधी सकाळचा खाऊ देणारा कार्यक्रम पुढे दुपारच्या जेवणाकडे वळला. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २००२ मध्ये सुरुवात केली, सरकारने २०१४ मध्ये शालेय जेवणाचं धोरण आणलं आणि २०१९ पासून शाळा टप्प्याटप्प्याने सरकारच्या हाती येऊ लागल्या. सरकारी तरतूद तेव्हा दर मुलामागे दिवसाला ८०० किप होती, त्या वेळच्या भावाने सहा-साडेसहा रुपये. मदत म्हणून येणाऱ्या तांदूळ, मसूर आणि तेलाचा मोठा भाग अमेरिकी कृषी खात्याच्या मॅकगव्हर्न-डोल कार्यक्रमातून आला आहे. ज्या देशाने बॉम्ब टाकले त्याच देशाचा पैसा पुढे ते काढायलाही गेला आणि मुलांच्या ताटातही. तो लाओसच्या हक्काचा आहे असं आम्हाला वाटतं.

मदतीच्या शिध्याचं प्रमाण साधारण असं: दर मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मसूर, १० ग्रॅम तेल. ८० मुलांची शाळा धरा. दिवसाला ८ किलो तांदूळ, ३ किलो २०० ग्रॅम मसूर, ८०० ग्रॅम तेल. वर्षात १६० दिवस जेवण शिजलं तर १,२८० किलो तांदूळ, म्हणजे ५० किलोची २६ पोती, ५१२ किलो मसूर आणि १२८ किलो तेल. सप्टेंबरात शाळा सुरू होते तेव्हा पाऊस चालूच असतो आणि कच्च्या रस्त्यावर ट्रक अडकतात. पहिल्या दोन महिन्यांचा माल त्यामुळे पावसाआधीच कोठारात हवा. कोठारात पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब. आधी आलेलं पोतं आधी फोडायचं. भिंतीला टेकलेलं पोतं ओल धरतं आणि बुरशी आतून लागते, ती दिसेपर्यंत शेजारची दोनही गेलेली असतात.

या शिध्यात भाजी नाही. ती गावाने आणायची किंवा शाळेने पिकवायची. आपल्याकडच्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ५० ग्रॅम भाजी धरतात. तेच माप लावलं तर ८० मुलांना दिवसाला ४ किलो, वर्षाला ६४० किलो. कळंबी, मोहरीचा पाला, भोपळा, चवळी अशी लवकर येणारी पिकं आणि हाताशी पाणी असेल तर २५० चौरस मीटरची बाग या हिशेबाला पुरते. सर्व्हेच्या एका चौकोनाच्या, म्हणजे २,५०० चौरस मीटरच्या, हा फक्त दहावा भाग! म्हणूनच तपासणीचा अर्ज करताना फक्त वाफ्यांपुरता करू नये. स्वयंपाकघर, कोठार, पाण्याच्या पाइपाची रेघ, संडास, खेळाचं मैदान, बाग आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा एकाच नकाशावर आखून एकदम मागाव्यात. पथक पुन्हा बोलावणं हे सगळ्यात महाग पडतं.

मसूर लाओ स्वयंपाकात परका. तिथलं रोजचं जेवण म्हणजे वाफवलेला चिकट भात, झणझणीत चटणी, पालेभाजी, आणि मिळाला तर मासा. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवतात आणि बोटांनी त्याची गोळी करून कालवणात बुडवतात. आपल्यासारखं पातळ वरण या गोळीने उचललं जात नाही. म्हणून डाळ घट्ट शिजवायची, भोपळ्याबरोबर घोटायची किंवा स्थानिक मसाल्यात परतायची. डाळ तीन-चार तास भिजवली तर कमी सरपणात शिजते, आणि सरपण इथे फुकटची गोष्ट नाही: ते ज्या रानातून येतं ते बहुधा तपासलेलं नसतं. कमी लाकूड म्हणजे रानात कमी फेऱ्या. तेल शेवटी, ठरल्या मापाने सगळं घालायचं. त्यात अ जीवनसत्त्व मिसळलेलं असतं, म्हणून वाचवलेलं तेल ही बचत नव्हे. स्वयंपाक गावातल्या बायका पाळीपाळीने करतात. लावणी-कापणीच्या दिवसांत पाळी चुकते आणि जेवण बंद पडतं. तो महिना आधीच ओळखून पाळ्या लावल्या तर निभतं.

चुका होतात त्या इथे

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक अगदी साधी आहे. तपासलेली जागा एकीकडे, पाणी दुसरीकडे. दोन महिन्यांनी कुणीतरी बाग वीस मीटर सरकवून ओढ्याजवळ नेतं. हेतू चांगला, पण खुणेचे खांब मागे राहिले. दुसरी चूक कुंपणाची: आतली जमीन साफ, पण कुंपणाचे खांब बरोबर सीमेवर किंवा तिच्या बाहेर पुरले जातात. सीमेच्या आत दोन-तीन मीटर सोडून खांब घ्यावेत. तिसरी चूक भरावाची. खेळाचं मैदान सपाट करायला बाहेरून माती आणली, तर ती माती कुठली हे विचारायला हवं. तपासलेल्या जमिनीवर न तपासलेली माती पसरली की सगळी मेहनत वाया.

चौथी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. जेवणात डबाबंद मासे असतील तर रिकामे डबे शाळेमागे फेकले जातात. तेलाचे पत्र्याचे डबे, बाटल्यांची बुचं तशीच. पुढे नवी जागा तपासायला पथक आलं की प्रत्येक डबा डिटेक्टरवर वाजतो आणि प्रत्येक आवाज खणावा लागतो. एका कोपऱ्यात पत्र्यासाठी पिंप ठेवलं तर पथकाचे कित्येक दिवस वाचतात.

भंगाराचं काय करायचं, हा त्याहून अवघड प्रश्न. बॉम्बचं लोखंड विकून गरीब घरात पैसा येतो. शियेंगखुआंगमधल्या बान नापिया गावात बॉम्ब आणि विमानांचं ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. रिकाम्या नळकांड्यांचे घराचे खांब होतात, कुंपणं होतात. मुलं हे रोज बघतात, त्यामुळे 'लोखंड दिसलं की वाईट' असं शिकवून चालत नाही. शिकवायचं ते एवढं: अनोळखी धातू दिसला की हात लावायचा नाही, काठी-दगड मारायचा नाही, आल्या पावली मागे फिरायचं, दुरूनच फांदी आडवी टाकून खूण करायची आणि शिक्षकाला किंवा नाय बानला सांगायचं. सांगणाऱ्या मुलाला कुणी रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी ते गप्प बसतं.

पैशाचा भरवसा हा वेगळा प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकदम थांबवली तेव्हा लाओसमधली जमीन साफ करणारी कित्येक पथकं काम सोडून बसली. अर्धा साफ झालेला तुकडा तसाच राहिला तर गावाला वाटतं काम झालं. म्हणून पथक परत जाताना, काम पुरं असो वा अपुरं, साफ झालेल्या जागेचा नकाशा शाळेत राहायला हवा: मोजमापासह, किती खोलीपर्यंत तपासलं हे लिहून, पावसात न भिजणाऱ्या कागदावर, स्वयंपाकघराच्या दारात टांगलेला. शिक्षक बदलून जातात, नकाशा जात नाही.

आणि पथकाची पाळी येईपर्यंत भाजीसाठी थांबायची गरज नाही. लाओसच्या खेड्यांत कांद्याची पात आणि कोथिंबीर कोंबड्यांपासून वाचवायला खांबांवर उचललेल्या लाकडी पेट्यांमध्ये लावतात, कुठे कुठे तर क्लस्टर बॉम्बच्या अर्ध्या चिरलेल्या रिकाम्या नळकांड्यातच. आठ-दहा पेट्या, गावात वर्षानुवर्षं नांगरल्या जाणाऱ्या शेतातली माती, थोडं शेणखत आणि रोज दोन बादल्या पाणी, एवढ्यात पात आणि पालेभाजी येते. भोपळा अशा पेटीत नीट वाढत नाही, त्याला जमीनच लागते.